हातघडणीचा रानसुरा घेतला खरा, पण गोव्यात तो वापरू कुठे?

डावरा_दत्ता
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी एका कारागिराकडून सुरा करून घेतला. कारखान्यातला नव्हे, एकट्या माणसानं हातानं घडवलेला. पातं ६ इंच, पाठ ५ मिमी जाड, पोलाद ५२१०० म्हणजे बेअरिंगवालं. पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत सलग, मूठ शिसवीची, तिला पितळी खिळे. मी वहीच्या कागदावर चित्र काढून पाठवलं, त्यानं पुठ्ठ्याचा नमुना कापून पाठवला, मी तो आठवडाभर हातात धरून घरभर हिंडलो, मग दोन ठिकाणी मूठ फुगवून घेतली. तीन महिने सांगितले होते, सात लागले. किंमत १४ हजार. घरी ९ सांगितली आहे, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया गप्प बसावं.

आणि म्यान आलं उजव्या हाताचं. मी डावखुरा. पहिल्याच निरोपात ठळक लिहिलं होतं.

घेताना डोक्यात जंगल होतं, तंबू होता, पावसात पेटवलेली शेकोटी होती. प्रत्यक्षात वर्षभरात त्यानं दोन कुरियरची खोकी, एक कलिंगड आणि बायको माहेरी गेलेली असताना एक अननस कापला. परवा म्यानातून काढला तर पात्यावर तांबड्या पुळ्या. फोंड्याजवळ राहतो, घरामागे थोडं कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे, जूनपासून भिंतीसुद्धा घामेजतात.

तर ज्यांच्याकडे असा सुरा आहे ते तो नेमका कशाला वापरतात? आणि आपल्या पावसात टिकवतात कसा?

वाचनमात्रच_बरा
खुर्ची टाकून बसलोय. चणे-कुरमुरे आणलेत.

कुळागरातली सून
दत्ताबाब, रागावू नका, पण १४ हजार?

आमच्याकडे सासऱ्यांचा कोयता वेगळा, माझा वेगळा. नारळ उतरवायला पाडेली येतो तो स्वतःचा घेऊन येतो आणि दुसऱ्याच्या कोयत्याला हात लावत नाही. माझा कोयता लग्नानंतर दुसऱ्या वर्षी करून घेतला. लोहारानं आधी मला सासऱ्यांचा उचलायला लावला, माझं मनगट कुठे वाकतं ते पाहिलं आणि म्हणाला, दोन बोटं आखूड करूया. मूठ फणसाची, माझ्या मुठीत मावेल एवढी. हातघडणीचा, मापानं केलेला. फक्त त्याला कुणी 'कस्टम' म्हटलं नाही आणि माझ्याकडून वहीत चित्रही काढून घेतलं नाही.

त्यानं मी रोज काय करते? झावळ्या तोडते, केळीची पानं काढते, फणस फोडते, शहाळं सोलते, पावसात वाटेवर आलेली रानटी वेल छाटते. गंज? रोज हातात असलेल्या हत्याराला गंजायला वेळ कुठे मिळतो!

भिरंडसोल
सूनबाईंनी पहिल्याच घावात फणस फोडला. धागा संपला, घरी चला.

रानवाट
संपला कसा? वहिनींच्या शब्दाला मान आहे, पण कोयता आणि रानसुरा ही एकाच कामाची हत्यारं नव्हेत. कोयत्याचं वजन टोकाकडे, घाव घालण्यासाठी. त्यानं तोडता येतं, कोरता येत नाही. रानसुऱ्याचं वजन पहिल्या बोटाखाली असतं, म्हणून तो बारीक कामात हातासारखा वागतो.

उदाहरण देतो. आपल्याकडे जुलैत बाहेर पडलेलं एकही लाकूड कोरडं नसतं. पण मनगटाएवढं उभं वाळलेलं लाकूड घ्यायचं, सुऱ्याचं पातं त्याच्या टोकावर आडवं ठेवायचं आणि पाठीवर दुसऱ्या दांडक्यानं ठोकत उभं चिरायचं. ओल वरच्या बोटभर थरात असते, पोटात लाकूड कोरडं निघतं. मग त्या कोरड्या कांबीवर पातं आडवं सरकवत पातळ कुरळ्या सोलायच्या, त्या मुळाशी चिकटलेल्याच ठेवायच्या. काडीला पिसारा फुटल्यासारखा दिसतो. त्याच्यावर ठिणगी पाडली की धरते. ठिणगी पाडायची कांडी सुऱ्याच्या पाठीवरच घासायची असते, म्हणून पाठीची कड काटकोनात हवी, गोल केलेली नको. दत्ताभाऊ, तुमच्या सुऱ्याची कड नखावर घासून पाहा. नखाची पूड निघाली तर ठीक.

माझ्याकडचा साडेचार इंची आहे. आठ वर्षं झाली. दहा वेळा तरी अशी आग पेटवली असेन.

डावरा_दत्ता
@रानवाट, पाहिली. पूड निघते. थोडं नखही निघालं.

काळा कोट
रानवाट, ती दहा वेळची आग कुठे पेटवलीत ते इथे लिहू नका, हा फुकटचा सल्ला.

मंडळी, गोव्यातलं ज्याला आपण 'खरं जंगल' म्हणतो ते घाटाच्या पट्ट्यात जवळजवळ सलग अभयारण्यांत आहे. मोले, बोंडला, खोतीगाव आणि १९९९ साली झालेली म्हादई (२०८ चौ.किमी.) आणि नेत्रावळी (२११ चौ.किमी.). १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात बंदूक, बाण, सापळा यांच्या बरोबरीनं सुरीचं नाव सरळ लिहिलेलं आहे. कलम ३१ म्हणतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायचं नाही. आग लावायला कलम ३० आडवं येतं. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू.

म्हणजे हा सुरा ज्या जागेसाठी घडवला, त्या जागेच्या फाटकावरच तो गाडीत ठेवून जायचा.

वाचनमात्रच_बरा
कुरमुरे संपले. दुसरी पिशवी फोडतोय.

म्हापसेकर_सध्या_पुणे
@काळा कोट, घरात ठेवण्याचं काय? ९ इंचांचा काहीतरी नियम ऐकलाय.

काळा कोट
बरोबर ऐकलंत. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते तलवार-खंजिरांच्या वर्गात मोडतं. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून सूनबाईंचा कोयता कितीही रुंद असला तरी ते शेतीचं अवजार. दत्तांचं ६ इंची पातं लांबीत अडकत नाही, रुंदी पट्टीनं मोजून घ्या. पण म्हणून तो कमरेला लावून बाजारात मासे आणायला जाऊ नका. यादीत नसलेली वस्तूही रस्त्यात दिसली की पोलीस विचारणारच, आणि 'शेकोटीसाठी ठेवलाय' हे उत्तर फोंड्याच्या बाजारात शोभत नाही.

म्हापसेकर_सध्या_पुणे
माझं बोटाएवढं दुमडणारं चाकू-पाना विमानतळावर गेलं. हाताच्या पिशवीत राहिलं होतं. बाबांनी दिलेलं. तिथल्या माणसानं डब्यात टाकलं तेव्हा आवाजही आला नाही, डबा आधीच अर्धा भरलेला होता. सामानाच्या पेटीत ठेवा रे बाबांनो, हातात नाही.

निवृत्त मास्तर
चर्चा छान चालली आहे. मी चाळीस वर्षं पोरांना घेऊन डोंगर फिरलो, म्हणून दोन शब्द.

'रानात जीव वाचवणारा सुरा' हे नाव मला पटत नाही. आपल्या रानात माणूस कशानं मरतो? पाण्यानं. वर घाटात पाऊस कोसळतो, खाली ऊन असतं, पोरं ओढ्यात उतरलेली असतात आणि पाणी गढूळ झालेलं कुणी बघत नाही. दरवर्षी धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात ते उगाच नव्हेत. दुसरं, शेवाळलेला कातळ. तिसरं, गोचिडी. २०१५ साली सत्तरी तालुक्यात माकडतापाची साथ आली तेव्हापासून मी काजूच्या दिवसांत पूर्ण बाह्यांशिवाय रानात पाऊल टाकलेलं नाही. यातल्या कशावर सुरा चालवणार?

माझ्या पिशवीत बॅटरी, शिटी, दोर, मीठ (जळवांसाठी), साखरफुटाणे आणि एक स्वयंपाकघरातली सुरी असायची, लाकडी मुठीची. चाळीस वर्षांत तिनं आंबे कापले, दोर कापला आणि एकदा एका पोराच्या बुटाची नाडी. संपलं.

अवांतर: डोंगरावर राहणारे वेळीप, गावडे, धनगर पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहिले. त्यांच्या कमरेला मागे आकडीत कोयता. त्याला कुणी 'सर्व्हायव्हल' म्हटलं नाही. ते त्यांचं घर होतं.

रानवाट
मास्तर, पाणी आणि गोचीड हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या सुरीनं मनगटाएवढं लाकूड चिरून दाखवा, मूठ हातात आणि पातं लाकडात राहील.

निवृत्त मास्तर
मी ते चिरणारच नाही. डब्यात दशम्या असतात. आग कशाला?

भिरंडसोल
मास्तर १, रानवाट ०.

सत्तरीचो
माझा अनुभव जरा लांबडा आहे, चहा घेऊन वाचा.

मला पण असाच सुरा हवा होता. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आमच्या वाळपईच्या बाजूच्या एका लोहारमामांकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्यभर कोयते, कुदळी आणि पिकावच केले. भंगारातून ट्रकच्या कमानीचा एक पाटा वजनावर आणला. मामांनी तो ऐरणीच्या कडेला टांगून हातोडीनं टणकवला, कान दिला, म्हणाले "बरो आसा, तडो ना." मोबाइलवरचं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "हाचें करतलो कितें?" म्हटलं, लाकूड कोरायचं. त्यावर काही बोलले नाहीत.

भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, बाकी सगळं तेच. मामा सांडशीनं पाटा धरतात आणि छोट्या हातोडीनं एक टोला देतात. मुलगा त्याच जागी घण घालतो. अर्धा तास कोणी एक शब्द बोलत नाही. मामांची हातोडी ऐरणीवर रिकामी आपटली की घण थांबतो.

आकार आला, कानशीनं कड सारखी केली. पाणी द्यायची, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करायची, वेळ आली तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. मामा म्हणाले, आता नको, सांज होऊ दे, उन्हात लोखंडाचा रंग खोटं सांगतो. मी चुंबक नेलं होतं, कारण वाचलेलं की सुमारे ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला सोडतं. काळोख पडायला लागल्यावर मामांनी पातं कोळशात पुढे-मागे हलवत तापवलं, धारेकडून पिकल्या गावठी आंब्याच्या गरासारखा रंग आला आणि ते म्हणाले, "आतां." मी चुंबक लावलं. चिकटलं नाही. थोडं निवू दिलं, चिकटलं. परत तापवलं, परत "आतां", परत सुटलं. तीनदा. मी चुंबक खिशात ठेवलं.

मग पाण्यात बुडवलं. चर्र झालं आणि त्या चर्रमध्ये एक बारीक 'टिक्' ऐकू आलं. मामांनी पातं बाहेर काढायच्या आधीच सांगितलं, "गेलें." धारेवर नखाएवढी उभी चीर. कोयत्याची फक्त धार बुडवतात आणि पाठीत ऊब राहते, ती ऊब धारेला परत थोडी मऊ करते. मी हट्टानं अख्खं पातं बुडवायला लावलेलं, चूक माझी. दुसरं पातं आठवड्यानं झालं, या वेळी कोमट तेलात. बाहेर काढल्यावर कानस त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. इतकं कडक पातं तसंच वापरलं तर तुटतं, म्हणून शेजारणीच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवलं. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला. ओव्हनला जळक्या तेलाचा वास राहिला तो शेजारीण अजून काढते. वास नव्हे, विषय.

मामांची मजुरी आणि पाटा धरून दीड हजार. दुसऱ्या पात्याची मजुरी ते घेतच नव्हते. देखणं नाही, पाठीवर घणाच्या खुणा आहेत. पण पहिलं पातं का फुटलं ते मला ठाऊक आहे, त्याचा उपयोग जास्त झाला.

कुळागरातली सून
सुंदर लिहिलंय. 'रंग खोटं सांगतो' हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोफळी पिकल्यात का ते पण दुपारच्या उन्हात बघू नये.

लोखंडी चणा
मी हौशी कारागीर आहे (विकत नाही, जाहिरात समजू नये). सत्तरीचो, सलाम. पण '१४ हजार म्हणजे लूट' असा सूर लागतोय म्हणून थोडं लिहितो.

५२१०० मध्ये कार्बन साधारण १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. त्याला कोळशाच्या भट्टीत डोळ्यानं पाणी देणं जमेल, पण दर वेळी सारखं जमणार नाही. कारागीर विजेची भट्टी वापरतो. मग पातं तासायला पट्ट्याचं यंत्र, एका सुऱ्याला चार-पाच पट्टे खलास, तासताना पातं गरम झालं की पाणी उतरतं म्हणून मिनिटा-मिनिटाला बादलीत बुडवायचं. मूठ घासण्यात एक दिवस. दोन पाती फुटतात तेव्हा एक विकलं जातं. चार महिन्यांचा उशीर आणि उलटं म्यान मात्र माफ नाही, ते त्यानं बदलून द्यायलाच हवं.

आता दत्तांचा गंज. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं तर त्याला गंजरोधक म्हणतात. तुमच्यात दीड. म्हणजे ते विळीसारखंच गंजणार, त्यात कारागिराचा दोष नाही. दोष म्यानाचा. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेलं आम्ल त्यात असतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात सुरा ठेवणं म्हणजे ओल्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवणं. म्यान वेगळं, सुरा वेगळा. म्यानाला बुरशी धरलीच असेल?

डावरा_दत्ता
धरलीय. हिरवी. चुकीच्या हाताचं असल्यामुळे फारसं दुःख झालं नाही.

भिरंडसोल
उपाय माझ्या नावात आहे. पात्याला भिरंडाचं (कोकमाचं) आगळ फासा, रात्रभर ठेवा. काळसर निळा थर चढतो आणि त्याखाली तांबडा गंज येत नाही. आमच्या आजीची विळी अशीच काळी कुळकुळीत होती.

लोखंडी चणा
थांबा थांबा! आगळात मीठ असतं. रात्रभर मिठात पातं म्हणजे सकाळी चाळण. ताज्या भिरंडाची साल चोळा, किंवा माडाचा विनेगर कोमट करून त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेल. काळा थर हाही गंजाचाच भाऊ, पण घट्ट बसणारा, त्यामुळे तांबड्याला जागा कमी मिळते. मात्र तो कवच नव्हे, तेल लागतंच.

आणि आधी त्या पुळ्या काढा. हजार नंबरचा पाणकागद, तेलाचा थेंब, एकाच दिशेनं.

भिरंडसोल
हायला, आजी साल चोळायची हे आत्ता आठवलं. आगळ सोलकढीला. सुऱ्याची सोलकढी होता होता वाचली.

म्हापसेकर_सध्या_पुणे
तेल कुठलं? खोबरेल?

कुळागरातली सून
फणस कापताना खोबरेलच, नाहीतर चीक असा धरतो की कोयता हातासकट फणसात. पण तेच तेल लावून पावसाळाभर ठेवलं तर चिकट पिवळं होतं आणि खवट वास मारतं.

लोखंडी चणा
ठेवणीसाठी शिलाई मशीनचं तेल. सुऱ्यानं खाण्याचं काही कापणार असाल तर केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन. ते बद्धकोष्ठावरचं औषध आहे, त्यामुळे दुकानदार सहानुभूतीनं बघतो, तेवढं सोसा.

वाचनमात्रच_बरा
आयुष्यात पहिल्यांदा लॉगिन केल्याचं सार्थक झालं.

निवृत्त मास्तर
धारेचं कुणीच बोललं नाही. आमच्या घरी चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासत. अजून तेच करतो.

रानवाट
मास्तर, त्या कडेला चकाकी चढवलेली नसते म्हणून ती बारीक निसण्यासारखं काम करते. मीही बाहेर असताना तेच करतो. या मुद्द्यावर आपली बरोबरी समजा.

जाता जाता एक कबुली. वर मी फुशारकी मारली, पण माझ्या डाव्या अंगठ्यावर पाच टाके आहेत. तिसऱ्या वर्षी, गुळगुळीत पॉलिश केलेली मूठ, हाताला खोबरेल, कोवळा माणगा बांबू सोलत होतो. हात पुढे पात्यावर सरकला. रानात नव्हे, घराच्या अंगणात, दवाखाना दहा मिनिटांवर. तेव्हापासून मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन आखूड तुकडे चढवलेत. दिसायला गचाळ, पण ओल्या हातात पक्कं धरतं. आणि तोच रबराचा तुकडा कापून पेटवला तर पावसातही जळतो. दत्ताभाऊ, शिसवी दिसायला सुरेख, तेवढीच निसरडी. जपा.

काळा कोट
पाच टाक्यांचा उल्लेख आठव्या वर्षी आला. साक्षीदार उलटतपासणीत नेहमी शेवटीच बोलतो.

---

डावरा_दत्ता
मंडळी, धागा वर काढतोय. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, आता थोडी उसंत आहे.

काय केलं ते सांगतो. पाणकागदानं पुळ्या काढल्या, दोन ठिकाणी बारीक खड्डे राहिलेच. माडाच्या विनेगरात बुडवला. धारेकडचा भाग आणि पाठीकडचा भाग वेगवेगळ्या छटेचा झाला आणि मधे एक नागमोडी रेघ उमटली. पाणी कुठपर्यंत चढलंय ती रेघ असणार. वर्षभर माझ्याकडे होता आणि मला ती दिसलीच नव्हती. @लोखंडी चणा, यासाठी खास आभार. चौदा हजारांतले निदान दोन तरी मला त्या संध्याकाळी परत मिळाले.

कारागिराला म्यानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, पाठवतो. अजून आलेलं नाही. तोवर जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करून, फळीखाली दाबून, स्वतःच म्यान केलंय. डाव्या हाताचं. बुरशी धरत नाही.

आता मूळ प्रश्न, वापरू कुठे? चवथीच्या दोन दिवस आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचं) सामान आणायला भावाबरोबर गेलो, आमच्याच डोंगराळ जागेत (काळा कोट, नोंद घ्यावी). शिपटी, तोरिंगणं, आंबाडे, कांगलां, कवंडळ. भावाकडे कोयता, माझ्याकडे सुरा. तोडायच्या प्रत्येक कामात कोयत्यानं मला उभं सुद्धा राहू दिलं नाही. सूनबाई, तुमचं खरं.

पण माटोळी बांधायला आमच्याकडे अजून केवणीच्याच साली लागतात, वडिलांच्या वेळेपासून. केवणीच्या काठीची साल लांबच्या लांब, न तुटता सोलायची असते. भाऊ कोयत्यानं सोलत होता, ती हातभर आली की तुटत होती. मी सुऱ्याच्या टोकानं बुडाशी एक चीर दिली, पातं सालीखाली आडवं सरकवलं, अंगठा पाठीवर. एक सबंध पट्टी निघाली, माझ्या उंचीहून लांब. मग दुसरी. तासाभरात अख्ख्या माटोळीचे बंद झाले. भावानं कोयता आकडीला अडकवला आणि काठ्या आणून माझ्यापुढे टाकत बसला. सबंध वेळ एकच बोलला, "हो बरो आसा रे."

मुठीवर सायकलची ट्यूब चढवली होती. शिसवी झाकली गेली.

कुळागरातली सून
केवणीला मीही आता लहान सुरीच घेते. हे आधी बोलले असते तर धाग्यातली मजा गेली असती.

निवृत्त मास्तर
उत्तम. दसऱ्याला पाटावर कोयत्याशेजारी त्यालाही ठेवा.

डावरा_दत्ता
ठेवणार. @सत्तरीचो, व्यनि (खासगी निरोप) करतोय पण इथेही विचारतो. लोहारमामा अजून काम घेतात का? मला कोयता करून घ्यायचाय. भावाचा उचलला तर खांदा भरून आला, तो उंच आहे. डाव्या हाताचा वेगळा असतो का?

सत्तरीचो
मामांना विचारलं. हसले. म्हणाले, कोयत्याला डावं-उजवं नसतं, ते माणसाला असतं, त्याला इथे घेऊन ये. सोमवारी भट्टी बंद असते. मंगळवारी या, दहाच्या आत, आणि मुठीसाठी वाळलेलं फणसाचं लाकूड घरून आणा, त्यांच्याकडचं संपलंय.